मागच्या कोपऱ्याखाली उतरण्यापूर्वी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा पाये आणि खड्डे खणण्याचा, हा कागद पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही, भीती मात्र आहे, आणि ती माझी स्वतःची आहे. अक्षर वाकडे आहे. शुद्धलेखन दोनदा तपासले आहे.

आज अकरा वाजता मी ताईच्या घराच्या मागच्या कोपऱ्याखाली खणायला उतरणार आहे. कोपरा खचतो आहे. रविवारी भिंतीच्या भेगेत एक बोट जात होते, आज दोन जातात. सात फुटांवर मुरूम लागतो. तिथवर खणून खालून काँक्रीटचा आधार दिला तरच घर थांबेल. गल्लीत मशीन वळत नाही. मधली सगळी माती काळी आणि भिजलेली आहे, आणि अशी माती ढासळण्याआधी आवाज करत नाही. माझे वस्ताद अशाच चरात गेले. चर फक्त छातीइतका खोल होता. त्यांना मीच उकरून काढले.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा ताईला. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. दुसरा कोणी वारस म्हणून पुढे आला, तर त्याने आधी खचणाऱ्या कोपऱ्याच्या खोलीत एक रात्र झोपून दाखवावे.

२. बँकेत माझे जे काही आहे तेही ताईला, पण त्यातून आधी सांडपाणी जिरवायला नवा शोषखड्डा व्हावा. तो पुढच्या फाटकाजवळ घ्यावा. तिथे दोन फुटांवर मुरूम आहे, पाणी जिरते, आणि पायाही लांब आहे. मागचा जुना खड्डा उपसून, कोरडा होऊ देऊन, मग मुरुमाने थर देत, धुमसाने ठोकून भरावा. विटांचे तुकडे टाकून वरवर बुजवू नये.

३. पहार, टिकाव, फावडी आणि माती काढायचे गिरमिट वस्तादांच्या मुलीला. गिरमिट आडवे ठेवावे, भिंतीला टेकवू नये, वाकते. माझी वहीही तिलाच. गल्लीतल्या एक्केचाळीस जागांची माती त्यात लिहिली आहे, कुठे काय आणि किती खोल. कोणी घर बांधायला काढले तर त्याला वही दाखवावी, नेऊ देऊ नये.

४. गवंड्याला काही ठेवलेले नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला देऊ नये असे मी ऐकले आहे. त्याने राग मानू नये.

५. ठेकेदाराला माझ्याकडून काही नाही. पाया सात फूट न्या, असे मी त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "अरे, घर बांधतोय, विहीर नाही." सगळे हसले. मीही हसलो. पाया तीन फुटांवर काळ्या मातीतच थांबला. ती चूक त्याची. परंतु पुढचे कलम वाचल्याशिवाय ताईने त्याच्याशी आणखी भांडू नये.

६. मातीत पाणी जिरते का, हे मी तपासले होते. हातभर खड्डा घेतला, पाणी ओतले, खुणा केलेली काठी उभी केली. वीस मिनिटांत खड्डा कोरडा. मी वहीत "उत्तम" लिहिले आणि मागच्या कोपऱ्याजवळच शोषखड्डा काढला. ते दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. पाणी मातीत जिरलेच नव्हते, उन्हाने पडलेल्या भेगांतून पळाले होते. काळी माती आदल्या दिवसापासून भिजवून, फुगवून मग मोजायची असते. वस्तादांनी हे मला शंभरदा सांगितले होते. मी भिजवली नाही. माती ओली झाली, भेगा मिटल्या, आणि घाण पाणी दोन वर्षे पायाकडे जात राहिले. ताई दोन वर्षे ठेकेदाराच्या दारात जाऊन ओरडते आहे आणि मी तिच्या मागे गप्प उभा राहतो.

७. मागचे लिंबाचे झाड काढावे. भर उन्हाळ्यात ते हिरवेगार राहिले, ताई सगळ्यांना कौतुकाने दाखवायची. मला तेव्हाच कळले की ते कोणते पाणी पिते आहे. भाजीचा वाफाही भिंतीपासून दहा फूट लांब न्यावा. मातीत कुजलेला पाला मिसळावा. थोडी वाळू घालू नये, माती आणखी घट्ट होते.

८. हे कलम सह्यांपूर्वी वाढवले. गवंड्याने कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाला, "हे तिला तू गेल्यावर कळणार? मग तिनं भांडायचं कोणाशी, माझ्याशी? आधी तिला दे. मग सही."

दिला. ताईने उभ्याउभ्या वाचला. सहावे कलम परत वाचले.

"भिजवली का नाहीस?"

"घाई होती."

"कसली रे घाई?"

"तुला लवकर घरात न्यायची."

तिने गवंड्याला विचारले, "त्या वस्तादांच्या चराला माती धरायला फळ्या किती लावल्या होत्या?"

"एकही नाही, ताई."

"आपल्याकडे किती आहेत?"

"चार. दहा तरी हव्यात. वखार सोमवारी उघडेल. कोपरा तोवर थांबत नाही."

ताईने पेचकस आणला आणि मागच्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून काढायला घेतले. मग स्वयंपाकघराचे, मग पुढचे.

गवंडी म्हणाला, "न्हाणीचं तरी राहू द्या."

"तेही घ्या. पडदा लावीन."

सहा दारे झाली, चार फळ्या धरून दहा. सहावे कलम खोडू का, असे मी विचारले. ती म्हणाली, "राहू दे. ठेकेदाराकडे मी जाईन, ओरडलं ते माझंच तोंड होतं. आणि तू खाली असताना मी वर काठावर बसणार आहे. मला तुला खूप बोलायचंय. ते ऐकायला वर यायचं."

वरील मजकूर माझ्याच हातचा आहे. खाडाखोड एक: कलम ५ मध्ये "चोराला" खोडून "ठेकेदाराला" लिहिले. ती मला मान्य आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. गवंडी (सही)
२. शेजारच्या नर्सबाई (सही)

स्थळ: ताईचे घर, दारे काढल्यानंतर
दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी पावणेअकरा