चौघींचा बेत

३ फेब्रुवारी
सोलापूरला आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पुण्याच्या गोंगाटाला नमस्कार केला आणि हे दोन खोल्यांचं उजेडाचं घर भाड्यानं घेतलं. सामान उतरतंय तोच शेजारच्या शरणम्मा आणि त्यांची जाऊ दानेश्वरी कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन हजर. दोघी दरवर्षी सह्याद्रीतल्या एका दरीत जातात. घनदाट जंगल, चार घरांची वाडी, मोबाईलला रेंज नाही. यंदा तुम्हीही चला म्हणाल्या. वीस वर्षांत मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं. विचार न करता हो म्हटलं.

५ फेब्रुवारी
अठरा तारखेची जीप ठरली. बॅटऱ्या, स्वेटर, औषधं, सगळी यादी मी केली. मग अडाणीपणा सुरू. तिघींनी निघणं अशुभ, म्हणून चौथा सोबती हवा आणि चौथा म्हणजे दगड! त्याच दरीतला, नारळाएवढा, फडक्यात गुंडाळलेला. जी नवी असेल तिनं निघेपर्यंत तो घरी ठेवायचा, रोज भाकरी वाढायची. मी नन्सच्या शाळेत शिकले, दगडांना जेवू घालत नाही, असं सुनावलं. दानेश्वरी हसली. "हळू बोला की मॅडम, त्याला मराठी बी कळतंय."

८ फेब्रुवारी
नको म्हटलं तरी दोघी दगड माझ्या ओट्यावर ठेवून गेल्याच. त्याला घाम येतो. शिळ्या, ओल्या केसांचा वास. तारेच्या घासणीनं घासला तर सायीसारखा पापुद्रा सुटला. राखाडी, मऊ, वर बारीक लव. आणि खालच्या बाजूला टाचेला पडतात तशा भेगा. मोरीत उलटी केली.

९ फेब्रुवारी
सकाळी घंटागाडीत फेकून दिला. दोघींना तोंडावर सांगितलं. शरणम्मा रागावल्या नाहीत. मला खालून वर न्याहाळलं फक्त. "टाकलात व्हय? मग आता चौथं तुमीच की."
फाजीलपणा पुरे, म्हटलं.

१२ फेब्रुवारी
टाचा राखाडी, पार घोट्यापर्यंत. माझ्याच अंगाला तो वास. तीनदा आंघोळ केली. डॉक्टर म्हणतात, सोलापूरची कोरडी हवा, मलम लावा. गाढव.

१५ फेब्रुवारी
गुडघे वळत नाहीत. चालताना फरशीवर खरखर — शी! दानेश्वरी भाकरी चुरून भरवते. मी थुंकते, ती पुसते. वरच्या मजल्यावर सांगोल्याच्या सारजाबाई राहायला आल्यात, लई हौशी हाय, म्हणाली. दरीला यायला तयार.
म्हणजे तिघी झाल्या.

१७ फेब्रुवारी
लहान होतेय. पाय खाटेच्या कडेला पोचत नाहीत — पाय कुठले —
सारजाबाईंना सांगायला हवं, जाऊ नका. जिभेवर लव आलीय. आवाज —

१८ फेब्रुवारी
एकच बोट वळतं.
जीप आली. फडकं आणलं. सारजाबाई नाक दाबून विचारतायत, ही असली घाण कशाला सोबत? फेकून द्या म्हणतात —
अहो बाई, घाण नाही मी, शिकलेली आहे, पेन्शन घेते, मी —