बुरुजाला लावलेलं कुंकू

शनि., १३ जाने.
लिही गं मधुरा. सुनेकडून रोजनिशी लिहून घ्यायची म्हणजे तिची चुगली तिलाच सांगायची. असो. भाजी आज खारट होती. हेही लिही.

संजय सकाळी आपल्याला खोरफक्कानच्या बाजूला, इथल्या आखाती किनाऱ्यावर घेऊन गेला. डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं, त्यावर दगडी बुरूज. पूर्वी वर बसून गलबतांवर नजर ठेवायचे म्हणे. नुकता लिंपून काढलाय, नवरदेवासारखा. राखणीला करीम, पेशावरकडचा, दाढी पिकलेली. स्वतःची खुर्ची दिली मला. "बैठो माताजी." मग तो नमाजाला गेला, आणि तुम्ही दोघं आपापले फोटो काढत बसलात.

आमच्या गावी अशा टोकावर राखणदार असतोच, जागेचा देव. त्याच्या दारातून न विचारता उतरायचं कसं? बुरुजाच्या कोनाड्यात खोबरेल नि कुंकू लावलं बोटभर. गाऱ्हाणं घातलं, लेकाची नोकरी सांभाळ. तुम्हाला बोलले नाही, हसला असतात. आता लिहिताना हसतेच आहेस.

शनि., २०
मीच हट्ट केला, परत गेलो. करीमला पोळी-भाजीचा डबा नेला.

कोनाडा लालभडक. बिचाऱ्याने घासला, तसं तेल चुन्यात आणखी पसरलं. म्हणाला, "मंगल को बड़ा साहब आएगा. बोलता है तू सोया था, अब घर जा. इस उमर में दूसरा काम कौन देगा, माताजी?"

आणि मी काय म्हणाले? "कैसा कैसा लोग रहता है!" मोठ्याने. वर कपाळाला हात लावून.
"बच्चे होंगे," तो म्हणाला.
मी मान डोलावली. त्याने डबा घेऊन दुवा दिली.
जेवले नाही. पित्त झालंय असं सांगितलं.

रवि., २१
दोघांना सांगून टाकलं. संजय पांढराफटक. "आई, इथे भिंतीवर रेघ मारली तरी दंड होतो! तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. खलास, विषय बंद." टीव्ही मोठा केला.
त्याचंही खरंच. मागितली लेकाची नोकरी, नि चालली करीमची.
थांबलीस का गं? लिही, सासू लबाड. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण दुसऱ्यावर कधी ढकललं नव्हतं.

सोम.
काही नाही. देवापुढे बसवेना.

मंगळ., २३
गाडीत बसून सांगतेय. मधुराने रजा टाकली, संजयला सांगितलेलं नाही. तू स्वतः गाडी चालवत आणलंस. चार शब्द सुनावले असतेस तर बरं झालं असतं.

करीमला सांगितलं, मैंने किया. त्याने खाली रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "आप जाओ. परदेस में बुढ़ापे में पुलिस-वुलिस अच्छा नहीं. मैं बच्चों का बोल दूँगा."
तो 'जाओ' म्हणाला मात्र, माझे पाय लगेच वळले. गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारी मी, उतार कशी उतरले कळलं नाही. गाडीत बसल्यावर कळलं, पळून आले. एवढी लाज मला कुंकवाची पण वाटली नव्हती.

साहेबाची पांढरी गाडी वर येतेय. करीम खुर्चीवरून उठून उभा राहिलाय.
पुरे लिहिणं. माझ्या बाजूचं दार उघड, हे मेलं मला उघडत नाही. आणि तूही चल. माझं हिंदी तुला माहीतच आहे.