सीडी, मिक्सर आणि तुमचे कान

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी सीडीबद्दल तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. सीडी प्लास्टिकची, आत ॲल्युमिनियमचा पातळ थर. तिच्यात चुंबकत्व कुठून येणार, हे माझं म्हणणं आजही तसूभर बदललेलं नाही. तुम्ही भद्रावतीच्या फॅक्टरीत यंत्रं दुरुस्त करणारे. कॅसेट प्लेअरमधलं चुंबकत्व उतरवायला नागपूरहून आणलेलं यंत्र तुम्ही सीडीवरूनही फिरवायचात. रविवारी विहारातून आलात की भीमगीतांची सीडी काढायची, यंत्र गोल फिरवायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "पाय पोरी, आवाज कसा मोकळा झाला!" मी बारावी सायन्सची, शिंगं फुटलेली. "कायचा मोकळा बाबा? भरम हाय तुमचा." तुम्ही हसलात. "मंग घे परीक्षा."

घेतली. तुम्ही बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. कधी यंत्र फिरवायचं, कधी नुसतीच सीडी हातात धरायची, मग बाहेर येऊन लावायची. यंत्राची गुरगुर तुम्हाला कळू नये म्हणून दर वेळी मिक्सर चालू ठेवला; केवढी माझी हुशारी! आठ वेळा सीडी लावली आणि आठही वेळा तुम्ही बरोबर सांगितलंत. माझ्या अंगावर काटा आला. हे होऊच शकत नव्हतं. म्हणून मी वहीत तीन लिहिलं आणि म्हणाले, "तीनच बरोबर आले." तुम्ही सीडी काढून कव्हरात ठेवलीत. "तू मोजलं ना? मंग माह्या कानाचाच भरम असन," म्हणालात आणि यंत्र गुंडाळून माळ्यावर टाकलंत. मशीनला कान लावून बिघाड सांगणारे तुम्ही, त्यानंतर शेजाऱ्यांचा पंखा बिघडला तरी म्हणायचात, "मीटर लावून पायतो, कानाचं काई खरं नाई."

गेल्या महिन्यात ते यंत्र इथे धानोऱ्याला माझ्या ओट्यावर चालू करून पाहिलं. त्या दिवसासारखाच मिक्सरही त्याच बोर्डावर फिरत होता. यंत्राचं बटण दाबताच मिक्सरचा सूर किंचित उतरला. इतका किंचित, की मला तो चौथ्या खेपेला, श्वास रोखून ऐकल्यावर कळला. तुम्ही तो भिंतीपलीकडून आठही वेळा ऐकला होतात, आणि तुम्हाला वाटलं, गाणंच मोकळं झालं. केवढे कान होते बाबा तुमचे! मी मिक्सर बंद करून तिथेच खाली बसले.

शाळेत प्रयोगाच्या तासाला मी पोरांना दटावते, आलं तेच रीडिंग लिहा, पुस्तकातलं नको. ती माझा शब्द खरा मानतात, तुम्ही मानला होतात तसा. हे पत्र टाकायचं कुठे? सीडीच्या कव्हरात ठेवते. त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. तीत अजून तीनच लिहिलेलं आहे. आज पेन हातात असूनही मी ते खोडलेलं नाही.