हजेरीला न उमटलेला अंगठा

ती. ताईस,

कोपरापासून नमस्कार. (हात जोडले की लाकूड घासल्यासारखा आवाज येतो, तिकडे कानाडोळा कर.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? दोन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. म्हटलं, पत्र लिहावं. पत्र मधेच कट करता येत नाही.

इकडे थंडीने ओठ असे फुटलेत की हसायची सोय उरली नाही, त्यामुळे ऑफिसात माझा दरारा मात्र वाढलाय. तू बजावलं होतंस, फार कढत पाणी घेऊ नकोस, डोकं रोज धुऊ नकोस, अंग ओलसर असतानाच मलम लाव. मी रोज कढत पाणी थेट डोक्यावरूनच घेतलं. (त्याखालून बाहेर यायला जे धैर्य लागतं, ते आपल्या घरात सगळं तुझ्या वाट्याला गेलं.) आता काळ्या स्वेटरवर इतका कोंडा पडतो की शेजारच्या टेबलावरच्या बाई बर्फ आला समजून खिडकी लावायला उठतात. स्वेटर काढला की उरलेसुरले केस ताडकन उभे राहतात. एवढा मान त्यांनी मला आजवर कधी दिला नव्हता.

हेही निभावलं असतं गं. पण आमच्या नकाशांच्या ऑफिसात हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र बसवलंय. सोमवारी अंगठा ठेवला, तर आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "पुन्हा प्रयत्न करा." अकरा वेळा केला. अंगठ्याला एवढ्या भेगा पडल्यात की तो माझाच आहे हे तिला पटेना (खरं सांगू, मलाही पटेना). मंगळवारी तेल चोपडून गेलो, तर काच अशी बरबटली की माझ्यामागच्या चौदा जणांची हजेरी लागेना. सगळे माझ्या अंगावर धावून आले. बुधवारीही तेच. साहेबांनी भिंगातून अंगठा पाहिला आणि म्हणाले, "हा आपल्याकडच्या डोंगराळ भागाचा नकाशा दिसतोय." तेवीस वर्षांत माझा एक खाडा नाही, आणि आता रोज खुर्चीत बसून मी तीन दिवस गैरहजर! शुक्रवारपर्यंत अंगठा उमटला नाही तर वर कळवणार आहेत.

तेव्हा तुझी डबी आठवली. मेण वितळवून, तेल घोटून तू स्वतः केलेलं मलम. आणि दोन महिन्यांपूर्वी ती तू माझ्या हातात दिलीस, तर जेवायला बसल्यावर मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे बुटांना लावायचं का?" सगळे हसले. तूही हसलीस, पण ताट अर्धं टाकून उठलीस. ते मला तेव्हाच दिसलं होतं, ताई. तरी तुझ्यामागे उठायचं सोडून मी भाताला हात घातला. माझं चुकलं.

तुझा,
ठोंब्या (नाव तूच ठेवलंस, मी फक्त जपतोय)

ता. क. मलमाची एक डबी पाठवशील का?

ता. क. २. पहिलीचं काय केलंस, असं विचारशीलच. ती मी दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला लावली. अख्खी.

ता. क. ३. (शुक्रवार. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं.) काल बिजागरीच्या सांदीत उरलेलं मलम खरवडून अंगठ्याला चोळलं आणि हातमोजा घालून झोपलो. आज यंत्रातली बाई पहिल्याच फटक्यात म्हणाली, "धन्यवाद." तेव्हा डबी नाही पाठवलीस तरी चालेल, तू मात्र ये. दार आता जराही वाजत नाही, आलेलं माणूस कळतच नाही, म्हणून बेल दाब. मी उघडेपर्यंत दाबत राहा.