वानऱ्या रविवारी येतोय

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
वानऱ्या तुरुंगातून सुटला. काल माझ्या कुलूपदुरुस्तीच्या दुकानावर येऊन गेला, नेमका मी नसताना. शेजारच्या घड्याळवाल्याकडे निरोप ठेवलाय : रविवारी अकराला घरी येतो.

वानऱ्या म्हणजे जुन्या धंद्यातला पार्टनर. तो पाइपवरून चढायचा, मी कुलपं उघडायचो. शेवटच्या कामात त्याच्या वेंधळेपणामुळे फसलो. तो आत गेला. मी निसटलो आणि त्याच दिवशी सुधारलो. आता नऊ वर्षांनी सूड घ्यायला येतोय, हे शेंबडं पोरही सांगेल.

घाबरलो नाही. पिक्चरमध्ये अशा वेळी हिरो गालात हसतो. आरशात हसून पाहिलं. बायको म्हणाली, दाढ दुखतेय का?

तिला लग्नाआधीच सगळं सांगितलंय, थोडं गाळून. तिची अट एकच : जुनी संगत किंवा पोलीस दारात दिसले, की ती कायमची माहेरी. म्हणजे रविवारी अख्खा संसार पणाला.

५ फेब्रुवारी
आजपासून रोज पन्नास जोर.
संध्याकाळी : चार झाले. क्वालिटी महत्त्वाची.

६ फेब्रुवारी
कमरेत उसण. लढाई अकलेनंच जिंकायची असते.

७ फेब्रुवारी
डायलॉग पाठ केला : ये, तुझीच वाट पाहत होतो. दुकानात मोठ्यानं म्हणून पाहिला. गिऱ्हाईक कपाटाची चावी तशीच ठेवून निघून गेलं.

८ फेब्रुवारी
फायनल प्लॅन. भूतकाळाला सामोरं जायचंच, पण दाराआडून. घराला सात लिव्हरचं कुलूप बसवलं, माझ्या खास सुधारणांसह. जगात कुणाच्या बापाला उघडणार नाही. उद्या सकाळी हिला बहिणीकडे पाठवतोय.

९ फेब्रुवारी, सकाळी १०.५०
ही गेली. आतून कुलूप लावलं. खात्रीसाठी चावी आणखी एकदा फिरवली. आतच तुटली. हत्यारं दुकानात.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
बरोबर अकराला बेल. डायलॉग तयार होता. तोंडातून निघालं, चावी तुटली रे. बाहेरून त्यानं विचारलं, परत अडकलास?

(शेवटच्या कामात अडकलो होतो तो मीच. दार माझ्याच हातून लागलं आणि उघडेना. वानऱ्या बाहेर पडला होता. तो परत आला, मला खांद्यावर घेऊन खिडकीतून बाहेर काढलं, आणि पोलीस आले. हा तपशील वर लिहायचा राहिला.)

बाल्कनीतून येतो म्हणाला आणि पाइपवर चढायला लागला. पन्नाशीचा माणूस. त्याचे गुडघे वाजत होते ते मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आले. खाली गर्दी. कुणीतरी पोलीस बोलावला. पोलिसानं त्याला अर्ध्यातून उतरवलं, कॉलर धरली आणि वर बघून मला विचारलं, याला ओळखता का?

ओळखतो म्हटलं तर बायको जाणार. नाही म्हटलं तर वानऱ्या. मी विचार करत होतो. विचाराला वेळ लागतोच.

तेवढ्यात गर्दीतून ही पुढे आली. बहिणीकडे गेलीच नव्हती. गेटपाशीच दोघांची गाठ पडली होती आणि त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, काही न गाळता. तिनं पोलिसाला सांगितलं, आमचाच माणूस आहे, कॉलर सोडा.

मी बोलणारच होतो.

मग पोलिसाच्या देखत वानऱ्या पाइपवरूनच वर आला. स्वयंपाकघरातल्या सुरीनं आतल्या बाजूचे चार स्क्रू काढून त्यानं कुलूपच उतरवलं. मलाही सुचलं असतं.

हिनं त्याला जेवायला वाढलं. उद्यापासून दुकानात या भाऊजी, म्हणाली. ती माहेरी गेली नाही. माझ्याशी बोलतही नाही.

निघताना वानऱ्यानं जिन्यात विचारलं, त्या दिवशी पळताना एकदा तरी मागं वळून पाहिलंस का रे? मी म्हटलं, पाहिलं ना. तो बरं म्हणाला, पाठीवर थाप मारून कठडा धरत खाली उतरला.

नव्हतं पाहिलं.