मापाची काठी

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! दोन खोल्या, बाहेर पायरी, मागे पत्र्याची शेड, आणि खिडकी उघडली की समोर थेट जंगल. चार वर्षं पासपोर्ट फोटो काढायला येणाऱ्यांना "दोन्ही कान दिसू द्या" सांगून घसा कोरडा केल्यावर अशी नोकरी म्हणजे लॉटरीच. पायवाटेवर सात दगड आहेत. रोज सकाळी प्रत्येक दगडावर कॅमेरा ठेवायचा, समोर वीस पावलांवर मापाची काठी रोवायची आणि फोटो काढायचा. धुकं असो नाहीतर नसो. वर्षभरात झाडोरा किती वाढला, ते ऑफिसला त्यावरून कळतं. वेळ आणि धुकं याच वहीत टिपायचंय. उरलेल्या जागेत माझी बडबड.

मुख्य म्हणजे घर मिळालं. पुढच्या आठवड्यात आप्पांना आणणार. काचबिंदूने नजर गेली, आता त्यांना नुसते आकार दिसतात. दादाकडे बिचारे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. जन्मभर स्टुडिओ चालवलेला माणूस!

५ नोव्हेंबर
काठी म्हणजे डोक्याला ताप. सहा फूट, लाल-पांढरे पट्टे, आणि प्रत्येक फांदीशी तिचं जुनं भांडण. आज ती घरीच ठेवली. टायमर लावला, पळत जाऊन मीच उभी राहिले. मी पाच फूट दोन इंच. ऑफिसला वजाबाकी येत असेलच. फाटकाशी रखवालदारकाकांनी काठी कुठाय म्हणून विचारलं. सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, धुक्यात तिथे माणूस उभा करू नये. का, तर म्हणे करू नये. मी हसून सोडून दिलं.

८ नोव्हेंबर
दाट धुकं. सातव्या दगडापाशी टायमर दाबून पळाले आणि चिखलात सपशेल आडवी झाले. उठेपर्यंत क्लिक ऐकू आलं.

घरी येऊन फोटो पाहिला. कडेला मी आहे, चिखलात, अर्धी. आणि काठीच्या जागीही मीच आहे. सरळ उभी, कपडे कोरडे, दोन्ही कान दिसताहेत.

तीनदा पाहिला. कॅमेऱ्यात ओल गेली असेल.

९ नोव्हेंबर
आज काठी नेली. कोणीही उभं राहिलं नाही, मी कॅमेऱ्यामागे होते. फोटोत ती, कालची दुसरी मी, काठीच्या एक पाऊल पुढे आहे. पट्टे मोजले. पाच फूट दोन.

काकांना फोटो दाखवला. त्यांनी नीट पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, जंगलाला एकदा माणूस मोजायला दिला की काठीवर त्याचं भागत नाही. नोकरी सोडून जा म्हणाले. नोकरी गेली की घर गेलं, आणि आप्पा परत त्या भिंतीसमोर. उद्या तर ते येताहेत. सातवा दगड वगळेन. कोण बघतंय?

११ नोव्हेंबर
आप्पा काल आले. किती खूश आहेत! ओल्या पाल्याचा वास घेत पायरीवर बसतात. आज त्यांच्या हातात कॅमेरा दिला, तर बोट आपोआप बटणावर गेलं. मी लहान असताना दरडावायचे तसंच दरडावलं, हलू नकोस म्हणून. मला रडूच आलं. इतकं हसताना त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर
सहाच दगड केले. सहाव्याच्या फोटोत ती आहे. नऊ पावलांवर. तोंड उघडं, बोलायला शिकत असल्यासारखं.

आप्पांना काही सांगितलं नाही. उगाच घाबरतील.

१४ नोव्हेंबर
कामावरून आले तर आप्पा पायरीवर, बूट ओले, स्वारी खुशीत. म्हणाले, मस्त फिरवून आणलंस. आज जन्मात पहिल्यांदा तू बडबड केली नाहीस, नुसतं आप्पा, आप्पा. हात मात्र बर्फ झाले होते, हातमोजे घाल.

मी सकाळपासून एकटी होते.

मी नसताना कुणाबरोबर जाऊ नका, आवाज माझा असला तरी, असं परोपरीने बजावलं. ते हसले. पोटच्या पोरीचा आवाज मला कळणार नाही होय, म्हणाले.

१५ नोव्हेंबर
दादाला फोन केला. आप्पांना घेऊन जा म्हटलं. उद्या दुपारी येतोय. आप्पा रुसलेत. रुसू देत. भिंतीसमोर तरी जिवंत राहतील.

कामावर गेले नाही. कॅमेरा कपाटात. कड्या लावल्यात. खिडकीबाहेर धुक्यात कोणीतरी एकेक शब्द म्हणून बघतंय. पोटच्या. पोरीचा. आवाज.

१६ नोव्हेंबर, सकाळ
सरपण आणायला शेडमध्ये गेले. दोन मिनिटं. दोनच.

दार उघडं. कपाट उघडं. आप्पा नाहीत —

सातवा दगड. सापडले. कॅमेऱ्यामागे उभे आहेत, हसताहेत. तिने त्यांचं कोपर धरलंय. मी धावले, काठीच्या जागेपर्यंत आले, आणि पाय — पाय उचलतच नाहीत. हात चालतोय तेवढा, खिशातल्या वहीत लिहितेय —

आप्पांना आकार दिसला. समोर कोण आहे, विचारलं त्यांनी. ती म्हणाली, कुणी नाही आप्पा, मापाची काठी आहे. हुबेहूब माझा आवाज. लाडिक.

ते म्हणाले, काठी हलतेय. ती म्हणाली, वारा आहे.

मी ओरडतेय. तोंड उघडतंय, नुसतं उघडतंय. आवाज तिच्याकडे —

तिने त्यांचं बोट बटणावर ठेवलं. टायमरचा लाल दिवा लागला. वही फेकते, वाटेवर पडेल —

दादा, दुपारी तू येशील तेव्हा दार जी उघडेल ती