सात वळणांची खिंड

बाबा, तीन मे, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. जागा: चिरनेरच्या पुढे जिथे खिंडीचा चढ सुरू होतो, तिथलं चहाचं खोपटं. मी पंधरा वर्षांची, शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये, शेजारच्या वहिनींकडून मागून आणलेल्या सायकलवर. पनवेलपासून तुमच्या मागे एकदाही पाय न टेकता आलेली. तुम्ही माझी सायकल एसटीच्या टपावर चढवलीत, कंडक्टरला म्हणालात, "पोरीला पनवेलला उतरवा," आणि मला म्हणालात, "पुढचं तुझ्यासाठी नाही." झालं. तक्रारीत आधी तारीख, वेळ आणि जागा लिहायची, रागाला उरलेल्या कागदात बसवायचं, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या. मला तिथे तुम्हीच घातलंत, तेव्हा आता भोगा.

तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी हे आता, शुक्रवारी दुपारी, जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहिते आहे. मधून उठून चाकांतली हवा बघते. सकाळपासून तीनदा बघितली. हवा ठीक आहे, माझंच काही ठीक नाही. परवा, रविवारी, मला तीच खिंड चढायची आहे, अठरा माणसांच्या पुढे, त्यांची वाटाड्या म्हणून. ही वेळ माझ्यावर माझ्या जिभेमुळे आली आहे. पण जिभेला ते शिकवलंत तुम्ही, म्हणून पत्र तुम्हाला.

निवृत्त झाल्यावर मी सायकल घेतली. सहासष्टाव्या वर्षी बाई सायकल घेते म्हटल्यावर लोक आधी तिच्या डोक्याची आणि मग गुडघ्यांची चौकशी करतात. मी दोन्हीची उत्तरं दिली नाहीत. कामोठ्याला गणिताचे क्लास घेणारे एक सर आहेत, तुमच्या नातवाच्या वयाचे. ते दर रविवारी माणसं गोळा करून सायकलवर नेतात. हायवेवर बंदराचे कंटेनर अंगावर येतात, म्हणून आम्ही आतले निवांत रस्ते शोधतो. नेऱ्याहून धोदाणीकडे, माथेरानच्या डोंगराखाली जाऊन संपणारा रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, गाडी तासाला एखादी. तसलेच रस्ते तुम्ही शोधायचात. तुमच्या कॅरिअरला लसीचा फ्लास्क बांधलेला असे, आत बर्फ, आणि बर्फ टिकावा म्हणून तुम्ही सावलीचे रस्ते धरायचात. देवी टोचायला गावोगाव फिरणारे तुम्ही, डॉक्टर नसलात तरी सगळीकडे डॉक्टरच होतात.

तर त्या धोदाणीच्या रस्त्यावर, चहा पिताना, एक जण लडाखच्या घाटांचं पुराण लावून बसला. इतके हजार फूट, इतका कमी ऑक्सिजन. मला बढाई सोसत नाही, दुसऱ्याची तर नाहीच. मी म्हटलं, "मी पंधराव्या वर्षी चिरनेरच्या पुढची खिंड ओलांडली होती. गिअर नव्हते, रस्ता कच्चा होता, आणि अंगात स्कर्ट होता." मग सर म्हणाले, "काकू, सीरियसली? सांगा ना कशी आहे." आणि मी सांगितली. सातही वळणं सांगितली. पहिल्या वळणावर आंब्याची वर आलेली मुळं, दुसऱ्यावर सपाट कातळ, तिसऱ्यावर दगडी कठडा, चौथ्यावर लहानशा देवळाची पायरी. माणूस पाहिल्याशिवाय इतकं सांगू शकत नाही, असं सगळ्यांना वाटलं. सरांनी ग्रुपवर टाकलंसुद्धा: 'संडे राइड, काकूंची खिंड, लीड काकू.' खाली अंगठेच अंगठे.

मी पाहिलेली नव्हती, बाबा. मी फक्त ऐकलेली होती. त्या तीन मेनंतर तुम्ही मला कुठल्याच चढावर नेलं नाहीत. पण आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, तुम्ही पाटावर बसायचात, परातीतलं पीठ चिमटीत घेऊन लाल कोब्यावर रस्ता काढायचात. आई ओरडायची, "अहो, पीठ खायचं असतं, सांडायचं नसतं!" तुम्ही म्हणायचात, "हा रस्ता आहे, सांडलेलं नाही." मी तोंड फिरवून बसायचे आणि कानांनी सगळा रस्ता चढायचे. त्या दिवशी संध्याकाळीही तुम्ही आलात ते रिकाम्या फ्लास्कमध्ये करवंदं भरून. सरकारी फ्लास्क! गार, काळी करवंदं, माझ्यासमोर वाटीत ओतलीत. मी वाटी सरकवली. दुसऱ्या दिवशी ती रिकामी दिसली तेव्हा तुम्ही आईकडे बघितलंत. आईनं नव्हती खाल्ली.

मला परत का धाडलंत, हे मी तेव्हापासून पक्कं धरून ठेवलेलं होतं. खोपटातल्या बाकावरचा तो माणूस. त्यानं माझ्या पायांकडे बघून हाळी दिली होती, "काय डाक्टर, आज फ्रॉकवाला कंपाउंडर आनलाव काय?" बाकीचे हसले. तुम्हीही हसलात, आणि पाच मिनिटांत मी एसटीत होते. कुत्र्यांना न भिणारे, पुरातल्या साकवावरून सायकल खांद्यावर घेऊन जाणारे माझे वडील बाकावरच्या एका माणसाच्या थट्टेला भ्याले. आणि तेही चिरनेरला! ज्या गावच्या माणसांनी जंगलासाठी गोऱ्यांच्या गोळ्या खाल्ल्या, त्या गावात! आयुष्यभर मी तुम्हाला या एका कलमाखाली दोषी धरलं. लग्नाच्या वेळी तुम्ही रडलात, तेव्हाही मनात म्हटलं, आता रडतायत, तेव्हा हसत होते.

बुधवारी मी गुपचूप एकटी गेले. म्हटलं, रविवारच्या आधी एकदा चढून घेऊ, म्हणजे खोटं मागाहून का होईना खरं होईल. आता डांबरी रस्ता आहे, छान आहे, दोन्हीकडून रान वाकलेलं, एका बाजूला खाली दरीत ओढा. पहिल्या वळणाला माझी छाती भात्यासारखी वाजायला लागली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे पाय थांबले. थांबले म्हणजे थांबलेच, मी हुकूम देत होते आणि ते ऐकत नव्हते. उतरले, कातळावर बसले. तेवढ्यात विटांचा टेम्पो आला, ड्रायव्हरनं वेग कमी केला, "काय झालं मावशी?" मी फोन कानाला लावला आणि हात हलवून त्याला जा म्हटलं. फोनवर कोणी नव्हतं. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी त्या मुक्या फोनला "हं, हं, बरोबर" म्हणत होते, कारण त्याहून मोठं वाक्य बोलायला श्वास नव्हता. मग सायकल वळवली आणि घरी आले.

काल बाजारात गेले. सुकट-बोंबील विकणारी एक म्हातारी आहे, माझी नेहमीची. तिचं माहेर खिंडीच्या माथ्यावरचं, म्हणून सहज विचारलं, "वर रस्ता कसा आहे गं? मला सायकलनं जायचंय."

"तुला?" ती हसली. "बाय, या वयान? कंबर मोरशील."

"माझे वडील जायचे. देवी टोचायला."

तिनं हातातले बोंबील खाली ठेवले. चोळीची बाही वर सारून दंड माझ्यापुढे धरला. दोन गोल व्रण, कातडी सुरकुतली तरी न पुसलेले. "ह्यो बग. तुज्या बापसाचा हाय." मी त्या व्रणांकडे बघत राहिले. पुढचं ती अगदी सहज बोलली. "पन सायकलवर कंदी आलं ते? ढकलत यायचं. आमी पोरां वरशी बगायचू. ह्या वलनावर बसलं, त्या वलनावर बसलं. आमचा बापूस म्हनायचा, डाक्टर दिसला, आता भात चरवा, शिजला का येल."

"आणि तुम्ही पोरं?"

"आमी रानान पलायचू. मस टाइम भेटायचा!"

"मग टोचून कसं घेतलंत?"

"वर आलं का त्यांना बोलवाला दम नसायचा गो. नुसतं बसून र्‍हायचं, छातीवर हात ठेवून. आमालाच कीव यायची. आपून येऊन हात पुढं करायचू." मग बोंबील कागदात बांधत म्हणाली, "गरीब मानूस. कोनाला सांगू नका म्हनायचा."

मी घरी आले आणि पिशवी न ठेवताच स्वयंपाकघरात उभी राहिले. मुळं, कातळ, कठडा, पायरी. तुम्ही पिठानं काढलेल्या प्रत्येक वळणावर बसायची जागा होती. सायकलवरून जाणारा माणूस खड्डा लक्षात ठेवतो, उतार लक्षात ठेवतो. बसायच्या जागा, त्याही ओळीनं, तोच लक्षात ठेवतो जो बसला आहे. इतकी वर्षं हे माझ्या कानात होतं आणि मला, स्वतःला हुशार समजणाऱ्या बाईला, कळलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत तुमची छाती घरघरायची तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी ठणकावून सांगितलं, "हल्लीच." तुम्ही कॉटवरून नुसतं माझ्याकडे बघितलंत.

म्हणजे तो बाकावरचा माणूस नव्हे. की तोही होता? मला नक्की करता येत नाही आणि ते मला बसू देत नाही. तुम्हाला मी चढावर नको होते, कारण पहिल्याच वळणावर तुम्ही उतरला असतात आणि मी ते बघितलं असतं. पण राग काही कमी होत नाही, उलट नवीन राग येतो. अनोळखी पोरांनी तुम्हाला धापा टाकताना बघितलेलं चाललं, आणि मी बघितलेलं नाही? त्यांना तुमची कीव करायची मुभा, आणि मला पिठाचा रस्ता? मी हसले असते असं वाटलं तुम्हाला? मी तुमची सायकल ढकलली असती, बाबा. दोन्ही ढकलल्या असत्या. पंधरा वर्षांची होते, रेड्यासारखा जोर होता.

सरांना पाठवायचा निरोप फोनमध्ये लिहून ठेवलेला आहे: 'ताप आला आहे, रविवारी जमणार नाही.' काल रात्रीपासून तसाच आहे. बोट न्यायचं आणि मागे घ्यायचं, हा व्यायाम चालू आहे. ताप नाही. आणि खिंड ओलांडलेली नाही, हेही मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पहिलं तुम्हालाच सांगते आहे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. तरी तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांच्या जमिनींवर हरकती मागवणाऱ्या नोटिसा मीच लिहायचे, त्यामुळे पद्धत सोडवत नाही. त्या दिवशी मला खालूनच परत का धाडलंत, त्याचा खुलासा लेखी हवा, तोंडी चालणार नाही, पिठानं तर नाहीच. मुदत रविवारी पहाटे सव्वापाच. साडेपाचला सगळे कामोठ्याच्या पुलाखाली जमतात. मुदतीत उत्तर न आल्यास आपली काही हरकत नाही असे समजण्यात येईल, आणि मी अठरा माणसांच्या देखत पहिल्याच वळणावर सायकलवरून उतरून बसेन.